घडणावळ

सराफ बाजारात दिवसभर मी मोड घेतो.
तुटकी फुली, चेपलेलं डोरलं,
एका कानाचा एकटाच वेल.
पंखा बंद करतो, काटा शून्यावर येऊ देतो,
घट वजा, घडणावळ जमा,
आणि गिऱ्हाईक म्हणतं, जरा बघा ना भाऊ.

रात्री पिंप्राळ्याच्या खोलीत
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी गिऱ्हाईक होतो.

माझ्याकडे एक टिटवी आहे.
कंपनीनं ठेवलेलं नाव तोंडात बसत नाही, म्हणून टिटवी.
एक खुर्ची, एक काच,
माल म्हणाल तर केळीचे दोन घड.
हवं ते जहाज पार वरच्या फळीवर:
आठ जणांना निजायला जागा, छोटं स्वयंपाकघर,
तीन सूर्य ओलांडेल एवढी टाकी.
नाव मी आधीच ठेवून बसलोय. वाघूर.
रोखीनं घ्यायची तर माझे तीन पगार.

रोखीनं घेतो कोण?
इथे नुसता फरक भरायचा असतो.
लहानावरून मोठ्यावर जायचा एक कागद मिळतो
आणि तो शिळा होत नाही.
नवं जहाज पहिल्या आठवड्यात स्वस्त,
मग भाव चढतो, तुझा कागद मात्र जुन्या भावाचा.
टिटवीवरून बगळ्यावर, बगळ्यावरून घारीवर,
घारीवरून एका बेढब टँकरवर,
जो मला कधीच नको होता,
पण दिवाळीत त्याच्यावर सूट होती.
हिलालकाका साखळीला डाख देतात ना,
तशी कडीत कडी,
श्वास रोखून.

दोन वर्षं झाली.
वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय:
वाचले चारशे. वाचले बाराशे.
वाचले साठ (त्यासाठी रात्री तीनला उठलो).
वाचल्याची बेरीज करता करता
खर्चाची राहूनच गेली.

काकांना मोबाइलवर वाघूर दाखवली.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, वजन?
नाही, काका.
म्हणजे पोकळ?
अजून बांधलीच नाही. चित्र आहे. पुढच्या वर्षी, म्हणतात.
फुंकणी खाली ठेवली त्यांनी.
अन् मोडाले आणी तं?
परत घेत नाहीत.
बराच वेळ बागेसरीच्या निखाऱ्याकडे बघत राहिले.
मंग तुले घटच घट शे, भाऊ.

काल साकेगावची इंदूमाय आली,
दालमिलमधून थेट, भुवयांवर तुरीचा भुसा.
दर साली येते. फुलीच्या बाळ्या केल्या,
बाळ्यांचे टॉप्स, टॉप्सचे वेल,
आता वेलांचा सर करायचाय.
रुमालाची गाठ सोडली,
आतून वेल, नोटा, आणि एक लवंग.
शेठ फोनवर होते.
मी काट्यावर वाकल्यासारखं केलं
आणि हळूच म्हटलं, माय, आज नको.
गुरुपुष्याला ये, घडणावळ अर्धी असते.
जुनी पावती शोध, आमचाच दागिना असला
तर घट लागत नाही.
तिनं आधी वेल परत गाठीत बांधले.
मग माझ्याकडे नीट बघितलं,
तुले काय भेटनं यामां?

काय सांगणार.
पेनानं तळहातावर हिशेब मांडला होता,
साडेआठशे.
रात्री तो घाम पुसायच्या आत
वहीच्या शेवटच्या पानावर उतरवला.
वाचले साडेआठशे.
माझ्या रकान्यात दुसऱ्याचे पहिलेच पैसे.

बाराला नवी सूट लागणार होती, शेवटची कडी.
घड्याळाकडे पाहिलं नाही असं म्हणणार नाही.
पण टिटवी काढली,
कितीतरी दिवसांनी नुसती उडवली,
एक खुर्ची, एक काच,
खाली कुठलंच गाव नसलेला तांबडा ग्रह.
कूलरचं पाणी संपलं होतं.
पंखा बंद.
काटा शून्यावर.